हात कोनाचा

आमच्या गावाकडे लग्नात रुखवत मांडलं का नवरदेवाकडच्या बाया पह्यले कापड उलटं करून पाहात. समोरून काय, कोनाचंबी चांगलंच दिसते. पाहाची ते पाठ. गाठी दिसल्या, दोरे लोंबले, तं तोंड वाकडं करून बाजूले ठेवून देत. पाठ साफ निघाली का मंग विचारत, "हात कोनाचा?" म्हनजे शिकवलं कोनं. आमच्यात कशिदा शिकवला असं म्हनत नाही, हात दिला म्हनतात. नवरीनं मंग सांगाचं, मायचा, आत्याचा, मामीचा, जिनं दिला तिचा. जिचं नाव निघालं ते बाई तिथंच कुठीतरी उभी राहे. खाली पाहे, पदर सारखा करे. बस. त्याच्यापरस जास्त काही नाही. त्या एवढ्याशासाठी मी कितीक वर्सं आतल्या आत जळली.

माझ्या लग्नात मले कोनी विचारलं नाही. माझी माय धानाच्या रोवन्या करनारी, तिले सुईत दोरा ओवता येत नव्हता. माझ्या रुखवतात एक सूप होतं आनि बांबूच्या परड्या होत्या, त्याची काय पाठ पाहातं मानूस. मले हात दिला तो सासूनं. धानाचं काम आटपलं का दुपारी ती मले पुढ्यात घेऊन बसे, लेकराले न्हाऊ घालाले बसवतात तशी. माझी पाठ तिच्या छातीले, आनि माझ्या उजव्या हातावर तिचा उजवा हात. तिच्या बोटाले तंबाखूचा वास. मी टाका नाही घाले, तीच घाले, माझा हात फक्त आत राहे. असं करता करता एक दिवस तिनं हात काढून घेतला आनि मले समजलंच नाही, माझा हात चालूनच राह्यला.

फुलीचा टाका होता आमचा. दोसुतीच्या जाड कापडावर दोन काड्या, एक खाली, एक वर. खालची कशीबी घाला, वरची काडी उजवीकडेच झुकली पाहिजे, साऱ्या कापडावर एकसारखी, वाऱ्यानं धान झुकते तशी. एक जरी उलटी पडली का सासू उसवाले लावे. राघू, आंब्याची डहाळी, धानाची लोंब, हे आमच्या घरचे नमुने. तिच्या हातची एक पट्टी होती, सारे टाके एकाखाली एक. ते पट्टी तिनं मले देल्ली, पोरीले नाही. पोरगी, म्हनजे माझी ननंद, तवा भल्ली लहान होती. सासूचं उतारवयातलं लेकरू.

सासू आजारात गेली. जाच्या आधी तिनं पोरीचा हात धरून माझ्या हातात देल्ला आनि म्हनलं, "हिले हात दे."

दुसरं काही सांगतलं नाही. ना जमिनीचं, ना लेकाचं. मी म्हनलं, देतो.

त्याच सुमाराले भिलाईत लोखंडाचा कारखाना उठून राह्यला होता. गावचे मानसं जाऊन राह्यले होते. आमच्या घरचेबी, म्हनजे माझे मालक, गेले, खलाशी म्हनून लागले. उंच उंच लोखंडी धरनं, म्हनजे तुळया, दोरखंडानं वर चढवाचे, तिथं वरतं चालाचं. पाठीमागून मी गेली, ननंद आनि एक पेटी घेऊन. पेटीत कपडे कमी, दोसुती आनि सासूची पट्टी.

पह्यले आमी कॅम्पात होतो, टिनाच्या खोलीत. उन्हाळ्यात टिन असं तपे का भिंतीले पाठ टेकवता येत नव्हती. लाल माती, दिवसभर ट्रक, डोळ्यात माती, भातात माती. पान्याच्या टँकरपाशी कोन्या कोन्या भाषेत भांडनं चालत. भांडन समजे, भाषा नाही समजे. तिथंच माझं पह्यलं लेकरू गेलं, जुलाबानं. सकाळी माती देऊन आले आनि दुपारच्या पाळीले हे कामावर गेले, कारन वर चढवलेलं धरन अर्ध्यात सोडता येत नाही. मी भांडे घासले. ननंद माझ्याजवळ बसून होती. ती एकेक भांडं पुसून ठेवत गेली. त्या दिवसापासून घरात लेकरू म्हनजे तीच.

मंग सेक्टरमधी क्वार्टर भेटलं. पक्कं. नळ, दोन खोल्या, समोर वरांडा. भट्टी पेटली होती, रातच्याले आभाळ लाल दिसे आनि सकाळी वरांड्यात काळा भुगा. पन पक्कं घर होतं. मी म्हनलं, आता बसाचं.

तिले पुढ्यात घेऊन बसली, जशी सासू मले घेई तशी. तिच्या उजव्या हातावर माझा हात. आनि तिचा हात मेल्या मासोळीसारखा. हलेच ना. मी ओढलं का येई, सोडलं का पडे. सुई बोटात जाई, दोसुतीवर रक्ताचे ठिपके. पोरगी डावरी होती. शाळेत मास्तरनं छड्या मारून मारून पाटीवर उजवा करवून घेतला, जेवाले मी उजवा करवून घेतला, पन सुई हाती आली का तिचा डावा हात आपोआप पुढे येई. मी त्याच्यावर मारो. म्हनो, डाव्या हातची सुई सासरी कोन घेईन? डावा हात मांडीखाली दाबून बस. ती दाबून बसे. रडे, पन आवाज नाही करे. कॅम्पात शिकली होती, टिनाच्या पलीकडे सारं ऐकू जाते म्हनून.

मी सोडलं नाही. शब्द देल्ला होता. रोज दुपारी बसवो. वर्सं गेले, आनि तिले एक राघू धड जमला नाही.

अशातच बाजूच्या क्वार्टरमधी अक्का आली. मधात एक बुटकी भिंत, तिकडे तिचा वरांडा, इकडे माझा. तेलुगू बाई, तिचा नवरा क्रेनवर. तीन पोट्टे, पोरगी नाही. सावळी, उंच, केसात सदा फूल, आनि दुपार झाली का वरांड्यात बसून क्रोशाच्या आकडीनं पांढरी लेस विने. तिकडे समुद्रापाशी तिच्या गावच्या साऱ्या बाया हेच करत, घरोघरी. भिलाईत पांढरा दोरा अर्ध्या दिवसात राखी होते. तिनं वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याले झाकनात भोक पाडलं होतं. दोऱ्याचा गुंडा डब्यात बंद, भोकातून दोरा बाहेर, सरळ आकडीवर. तिची लेस दुधासारखी राहे. मी भिंतीवरून पाहो आनि माझ्या दोसुतीकडे पाहो, ते मळलेली. पह्यली जळन मले तिथं झाली, डब्याची. मलेच कावून नाही सुचलं.

आमच्या घरचे म्हने, "थे गोदावरीकडची हाय. आपल्या वैनगंगेचं पानी शेवटी तिच्याच मुलखात जाते."

मी म्हनलं जाऊ द्या. पानी कुठीबी जाऊ द्या.

पन मंग पोरगीच जाऊ लागली. मीच पाठवलं पह्यल्यांदा, तिची वाटी वापस कराले, आनि पोरगी दिवेलागनीले आली. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त. तिसऱ्या दिवशी निमित्तबी नाही. एक दिवस आली तं मुठीत काहीतरी लपवून. मी म्हनलं दाखव. लेस होती, बोटभर रुंद, वीतभर लांब. तिच्या हातची. एक टाका सैल नाही.

माझ्यापाशी राघूची चोच जमत नव्हती, आनि तिथं जाऊन हे विनून आली.

मी म्हनलं, "हे काय जाळं विनलं? मासोळ्या धराच्या हायेत का?"

ती हासली नाही. म्हने, "वैनी, थे मले हात नाही लावत."

मी हे उलटं समजली. मले वाटलं, ती बाई आपल्याले हलकं समजून राह्यली, पोरीले शिवून नाही घेत. मनातल्या मनात बरं वाटलं, खरं सांगतो. म्हनलं, आता कळन पोरीले, परकं ते परकं. पन पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, आनि हासत गेली. हलकं समजनाऱ्याच्या घरी कोनी असं हासत नाही जात. मंग माझ्या डोक्यात दुसरं येऊ लागलं. खाऊ घालते का काय. केसाले तेल लावून देते, फुलं माळून देते. पोरगी नाही ना तिले, माझी ओढून घेऊन राह्यली. मी पोरीच्या केसातलं फूल काढून तुळशीत टाको. ती पुन्हा माळून येई.

पोरगी तिकडे बसे तवा मी इकडे वरांड्यात बसून तांदूळ निवडो. निवडलेलेच पुन्हा निवडो. भिंतीपलीकडून त्याईचं बोलनं ऐकू ये, अर्धं हिंदी, अर्धं हातवारे. आमची पोरगी घरात गप्प राहनारी, तिथं भल्ली बोले. आनि ते बाई तिले "बंगारं" म्हने. मी एका तेलुगू दूधवाल्याले विचारलं, म्हनजे काय. तो म्हने, सोनं. मी दिवसभर जेवली नाही.

मंग सेक्टरच्या मंडळातल्या बाया अक्काकडे आल्या. म्हने, पोरीईले शिकवा, दुपारी बसवा. इथं कोनाचीच माय, आजी जवळ नव्हती. पंजाबातली पंजाबात, बंगालातली बंगालात राह्यली, आनि पोरी इथं लोखंडात वाढून राह्यल्या. अक्कानं हो म्हनलं. तिचा वरांडा पोरीईनं भरला. भाषा भाषेच्या पोरी, साऱ्याईच्या हाती आकडी, साऱ्याईच्या मांडीपाशी भोकाचा डबा.

मी काय कमी होती? मीबी सुरू केलं. भिंतीच्या इकडे. दुर्गच्या बाजारातून दोसुती आनली, रंगीत दोरे आनले. मंडळाच्या बायाईनं मले विचारलं नव्हतं, मी कोनाले विचारलं नाही. दूध घेऊन येनाऱ्या छत्तीसगढी बाईची पोरगी आली, मागच्या ओळीतल्या आमच्याकडच्या दोघी-तिघी आल्या, एका मराठी क्लार्कच्या घरच्या दोन बहिनी आल्या. मी एकेकीले पुढ्यात घेऊन हात देऊ लागली. छत्तीसगढी पोरीचा हात असा बसला का सासू पाहाले पाहिजे होती. मले शिकवता येत होतं. येत होतं मले. तेच तं दुखन होतं.

एक दिवस ते क्लार्कची बायको पोरीईले न्याले आली. मोठी बोलनारी बाई. भिंतीपलीकडे पाह्यलं, आमची ननंद तिकडे पह्यल्या ओळीत बसलेली. म्हने, "काय वो, तुमची ननंदच तिकडे बसते, मंग आमच्या पोरी इकडे कावून पाठवाच्या?"

पोरीईनं खाली पाह्यलं. मी टाका पुरा केला, दोरा तोडला, आनि तिच्या पोरीच्या हातात कापड देल्लं. तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्या दोघी भिंतीच्या तिकडे दिसल्या. माझ्याकडे पाहून हात हालवला त्याईनं, लेकरंच होते. मीबी हालवला.

रातच्याले मी ह्याईले म्हनलं, अक्काले सांगा, पोरीले बसवू नका. हे म्हने, मी क्रेनवाल्याले काय सांगू? त्याच्या दोरखंडाखाली उभा राह्यतो मी रोज.

आनि मंग पोरीले पाहाले आले. गोंदियाकडचे, आमचेच जातभाऊ, पोरगा रेल्वेत. पसंत पडली. लग्न आमच्या क्वार्टरपुढे मांडव टाकून कराचं ठरलं. जाता जाता पोराची आत्या, जाडजूड, डोयीवरून पदर न ढळू देनारी बाई, मले म्हने, "विहीनबाई, तुमच्या सासूच्या हातचा राघू पाह्यला होता मी एका लग्नात. पोरीच्या रुखवतात पाहू आता."

पाहाचं म्हनजे उलटून पाहाचं. आनि विचाराचं म्हनजे साऱ्याईसमोर. काय दाखवन पोरगी? लेस. अन् कोनाचं नाव घेईन? सासूनं तिचा हात माझ्या हातात देल्ला होता, आनि नाव निघन बाजूच्या क्वार्टरचं. मी गावी कोनाले तोंड दाखवू?

त्या दिवसाईत मी वरांड्याच्या भिंतीवर कुरड्या वाळू घालो. कुरड्या वाळत आनि मी पाहो. आतापर्यंत मी ऐकलं होतं, पाह्यलं नव्हतं नीट. जळनारं मानूस पाहात नाही, फक्त ऐकते. त्या दुपारी बाकीच्या पोरी गेल्या होत्या, दोघीच होत्या. अक्का पोरीच्या पाठीशी नव्हती बसली. समोर बसली होती. गुडघ्याले गुडघा, तोंडाले तोंड. अक्काच्या उजव्या हातात आकडी, पोरीच्या डाव्या हातात आकडी. अक्का एक टाका घाले, थांबे. पोरगी तो पाहून घाले. आरशात पाहून कुंकू लावतात तसं. अक्काचा उजवा इकडे येई, पोरीचा डावाबी त्याच बाजूनं इकडे येई. दोघींचे हात एकसंगं हालत, आनि एकीचं बोट दुसरीले लागे ना.

थे मले हात नाही लावत. तवा समजलं मले ते काय म्हनून राह्यली होती.

मी कुरड्या तशाच टाकून आत गेली. माझ्या सासूनं पाठीशी बसून देल्ला, तिच्या सासूनं तिले पाठीशी बसून देल्ला. समोर बसाचं कोनाच्या ध्यानात येनार? समोर मानूस भांडाले बसते. एवढीशी गोष्ट, बसाची जागा, आनि त्या बाईले ते सुचली आनि मले नाही सुचली. राग असा आला का चूल पेटवता पेटवता फुंकनी तोंडातच राह्यली. अक्काले विचारलं नाही. मरन आलं तरी विचारलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी भिंतीकडे निघाली तं मी म्हनलं, बस. ते आपोआप पाठ फिरवून माझ्या पुढ्यात बसाले आली, डावा हात मांडीखाली घेऊन. मी म्हनलं, अशी नाही. समोर बस.

ते माझ्याकडे पाहात राह्यली. मंग बसली. मी मधात सासूची पट्टी ठेवली. माझ्या उजव्या हातानं एक फुली घातली आनि थांबली. तिनं मांडीखालचा हात काढला, सुई घेतली, माझ्याकडे एकदा पाह्यलं का मारते काय. मी दुसरी फुली घातली. तिनं घातली. कारखान्याचा भोंगा होईपर्यंत आमी बसलो. धानाची एक लोंब पुरी झाली.

पाठ उलटून पाह्यली. साफ. गाठ नाही, दोरा नाही. पन समोरून पाह्यलं तं साऱ्या फुल्या उलट्या. वरची काडी डावीकडे झुकलेली, एकूनएक. आमच्या घरात असा टाका कवा पडला नव्हता. माझा हात उसवाच्या सुईकडे गेला.

तिनं पाह्यलं. "उसवू, वैनी?"

मी कापड डोळ्यापाशी नेलं. सारं धान झुकलं होतं, फक्त वारा तिकडून होता.

मी म्हनलं, "राहू दे."

तसा रुमाल झाला, नवरदेवाच्या ताटावर झाकाचा. मधात आंब्याच्या डहाळीवर दोन राघू, चारी कोपऱ्यात लोंबा. मी काठ साधा मोडून शिवाले सांगतला होता. पोरगी दुपारी माझ्यासमोर बसे आनि संध्याकाळी अक्कासमोर, आनि एक दिवस पाहातो तं रुमालाच्या चारी बाजूनं लेस. अक्कानं भिंतीवरून पाह्यलं, तिचंबी तोंड काही गोड नव्हतं. म्हने, "दीदी, मेरे लेस के बीच में ये तोता क्या कर रहा है?"

मी म्हनलं, "तोता पह्यलेसे था. जाली बाद में आई."

ते हासली, मीबी हासली. पन कोनी मजाक नव्हतं करून राह्यलं.

माझा घोर काही गेला नाही, उलटा वाढला. आता तुमीच सांगा, हात कोनाचा? कशिदा माझ्या सासूचा, माझ्याकडून गेला. बसनं अक्काचं, मी चोरून आनलं. पोरगी काय सांगन? मी तिले विचारू शकत होती. कितीदा तोंडावर आलं. पन विचारून घेतलेलं नाव काय कामाचं.

लग्नाच्या दिवशी माझ्या वरांड्यात सैपाकाचे गंज-पातेले, पत्रावळी, आचारी. रुखवत मांडाले जागा नव्हती. अक्कानं आपला वरांडा धुवून ठेवला, चादर हातरली. म्हनजे पोरीचं रुखवत मांडलं गेलं तिच्या घरी. तेबी मी सोसलं. लाडू, चकल्या, तोरन, उशीचे अभ्रे, आनि मधात रुमाल.

नवरदेवाकडच्या बाया आल्या. आत्या समोर. तिनं अभ्रे उलटले, तोरन उलटलं, मान हालवली. मंग रुमाल घेतला. पाठ पाह्यली, बोट फिरवलं. सरळ करून पाह्यला, उजेडाकडे धरला. डोळे बारीक केले.

"हे तं उलटी फुली हाय बाप्पा," म्हने. "असा टाका मी पाह्यला नाही. हात कोनाचा?"

मी खांबाच्या या बाजूले उभी होती, अक्का त्या बाजूले. तिले मराठी समजत नव्हतं, पन पोरीनं तिले सारं सांगून ठेवलं असन, कारन मी पदर सारखा केला तं तिनंबी पदर सारखा केला. सारा वरांडा पोरीकडे पाहून राह्यला. मुंडावळ्यातून तिचं तोंड दिसत नव्हतं.

"माझा," म्हने. मंग हिरव्या बांगड्याचा हात थोडा वर केला. "हा. डावा."

मले वाटलं, झालं, रुमाल आता बाजूले पडते. आत्यानं तिच्या हाताकडे पाह्यलं, रुमालाकडे पाह्यलं, पुन्हा एकदा पाठ उलटून पाह्यली. मंग आमच्या घरच्या बायाईकडे वळून म्हने, "पोट्टी तोंडाचीबी डावरीच दिसते वो."

बाया हासल्या. आत्यानं रुमाल घडी करून कमरेले खोचला आनि पंगत बसली तवा आपल्या हातानं नवरदेवाच्या ताटावर घातला. लेस ताटाच्या चारी बाजूनं खाली लोंबत होती, पंख्याच्या हवेनं हाले.

पोरगी गेली. दुर्गच्या स्टेशनावर आमी पोचवून आलो, अक्काबी आली, जीपमधी माझ्याच बाजूले बसली. घरी येऊन दोघींनी मांडवातल्या सतरंज्या घडी कराले घेतल्या. लांब सतरंजी, एका टोकाले ते, एका टोकाले मी. झटकली का लाल माती उडे.

अक्का म्हने, "मेरी तरफ देख के बोली वो."

मी म्हनलं, "तुमारी तरफ खंबा था. मेरी तरफ देखी."

तिनं आपलं टोक ओढलं. मी माझं ओढलं. सतरंजी अशी तानली का बाजूचे मानसं पाहाले लागले. मंग घडी कराले दोघींले जवळ याच लागते, आलो जवळ. गुडघ्याले गुडघा. टोकं जोडली, ते परत गेली, मी परत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या वरांड्यात तिच्या पोरी बसल्या आनि माझ्या वरांड्यात माझ्या. त्या दिवसापासून मीबी साऱ्याईले समोर बसवू लागली. कोनी विचारलं तं सांगो, आमच्याकडे असंच बसतात. अक्कानं ऐकलं असन. भिंत बुटकीच होती.

पुढे तिचा नवरा रिटायर झाला, ते मुलखाले निघून गेली. जाताना भोकाचा डबा माझ्या भिंतीवर ठेवून गेली. माझे पांढरे दोरे आता त्याच्यात राह्यतात. भिलाईतल्याच रिसालीच्या या घरात कोनाची नात, कोनाची सून येते, बसते समोर, डाव्या हातची आली तं मी काही म्हनत नाही. आकडीनं लेस शिकवा म्हनतात, तं तेबी शिकवतो, पाहून पाहून आलं ते. कोनं शिकवलं विचारलं का मी अक्का म्हनतो. म्हनाच लागते.

ननंद अजून येते, केस पांढरे झाले तिचे. चहा घेत बसली का मी दरवेळी विचारतो, बाई, त्या दिवशी तू कोनाकडे पाहून म्हनलं होतं? ते दरवेळी तेच म्हनते, "वैनी, नवरी कोनाकडे पाहीन? मान खाली होती माझी."

खाली होती, मले माहीत हाय. पन खाली घातलेली मानबी कोन्यातरी एका बाजूले झुकलेली राह्यते. माझ्या बाजूले होती.